सगळ्या खाटांची विचारपूस

"ओ अल्लीपूरवाले! उतरा! आधी त्या खाटेवरून खाली उतरा!"

वॉर्डाच्या दारातून सिस्टर अशी ओरडली की सलाईनच्या बाटल्यांमधले थेंब पडता पडता थांबले. मी स्वतः पाहिले. तुम्ही मात्र, गुलाबराव, तसूभरही हलला नाहीत. मांडीच्या हाडात नवी कोरी सळई, वर हे एवढं ड्रेसिंग, तो पाय ओंडक्यासारखा सरळ सोडलेला, आणि बाकीचे तुम्ही सेलूच्या एका मास्तरच्या खाटेवर ऐसपैस बसून अंगठ्याला थुंकी लावून पत्ते वाटत होता. मास्तरचा हात भाजलेला. तिसरा गडी पोटाला टाके पडलेला. चौथा मी.

"सिस्टर, पाचवा गडी कमी पडून राह्यला," तुम्ही म्हणालात. "बसता का?"

"पाच मिनिटांत तुमच्या खाटेवर दिसले नाही ना, तर डॉक्टरांना बोलावते!"

"बोलवा न जी. त्यायले बी वाटतो पत्ते."

अख्खा वॉर्ड हसला. मी तर इतका हसलो की माझा आवाज खालच्या मजल्यावरच्या औषधाच्या दुकानात ऐकू गेला. आता तुमची तेरवी होऊन गेली, मी हिंगणघाटच्या दुकानात पातेल्या-परातींच्या मधोमध बसलो आहे, गिऱ्हाईक आलं तर त्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहतो आहे, आणि मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहितो. तुम्ही असता तर यावरच महिनाभर माझी टिंगल चालली असती.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. गुलाबराव म्हणजे माझे थोरले साडू. दोन बहिणी, एकच मांडव, दोन नवरदेव. थोरली कमल त्यांना, धाकटी शांता मला. मांडव अर्थात त्यांच्याच, मांडव-गाद्या भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्राचा. कनाती, गाद्या, लाकडी बल्ल्या, सगळं अल्लीपूरहून आलेलं. अंतरपाट धरलेला असताना तुम्हाला एक बल्ली वाकडी दिसली, तुम्ही मुंडावळ्यांसकट उठून ती ठोकून आलात, आणि तोवर भटजी तेच मंगलाष्टक तीनदा म्हणाले. कोणी खोटं म्हणत असेल तर कमलबाईंना विचारा.

आपलं नातं साडूंचं कमी आणि थापांचं जास्त. मी एकदा चार लोकांत सांगितलं की गिरडच्या डोंगरावर मला बिबट्या आडवा आला आणि मी त्याला बिडी पेटवायला माचिस दिली. लोक हसले. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं मान हलवलीत. "हाव. मलेबी भेटला होता तो. म्हणे, हिंगणघाटचा भांडेवाला भेटला तर त्याची माचिस देऊन देजा, माया खिशात राह्यली." अशा माणसाला काय बोलायचं? तुमच्यामुळे मी थापांमध्ये आयुष्यभर दुसराच राहिलो.

लग्नसराईत शामियाना बांधताना तुम्ही बल्लीवरून पडलात, मांडीचं हाड मोडलं. तुमच्या सांगण्यात ती बल्ली रोज वाढत होती. सुटी होईपर्यंत ती मंदिराच्या कळसाएवढी झाली असती. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि फस्क्लास झालं. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. कारण आता मला कळलंय की नाव कोणतंही लिहिलं तरी चालेल.

त्याच दिवसांत शांताचं पोट दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली. तपासलं तर पित्ताच्या पिशवीत खडे, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. तुम्ही खाटेवरूनच फर्मान काढलंत, "इथंच आणा तिले. मी आहो न. सगळे वळखीचे झाले." खरंच झाले होते. झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळे तुम्हाला नावानं हाक मारत. मीही ठरवून टाकलं होतं, शांताची खाट याच दवाखान्यात.

तुम्ही त्या वॉर्डाचं बिछायत केंद्र करून टाकलंत, गुलाबराव. आपल्याकडे दवाखान्यात जाऊन फक्त आपल्या पेशंटला भेटून येणं म्हणजे लग्नात जाऊन नुसतं नवरदेवाला पाहून यावं, तसं. अल्लीपूरहून ट्रॅक्स गाड्या भरून लोक यायचे. एका ट्रॅक्समध्ये किती माणसं बसतात हे कंपनीलाही माहीत नाही, ते अल्लीपूरवाल्यांना माहीत आहे. आधी तुमच्या कपाळावर हात, पायावर हात, ड्रेसिंगवर हळूच हात. मग रांगेनं सगळ्या खाटा. "कोठचे जी तुमी? काय झालं? दाखवा बरं." चादर वर करून जखम पाहायची, हळहळायचं, डब्यातला शिरा बोटानंच भरवायचा, की पुढची खाट. कोणाला वाटू नये की यांना आपलाच माणूस दिसतो.

आणि तुम्ही तर त्याच्याही पुढचे. कोपऱ्यात एक म्हातारा होता, त्याच्या पोटाची जखम भरत नव्हती, त्याच्या घरचं कोणी येत नसे. वॉकर हाती आला त्या दिवसापासून तुम्ही टकटक करत त्याच्यापाशी जायचात. त्याची उशी सरळ करायची, त्याला पाणी पाजायचं, नळीची पिशवी भरली तर तीही उचलून पाहायची. एकदा मी म्हणालो, "राहू द्या, सिस्टर करेल." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला माझंच पुढचं वाक्य आठवेना. "त्याचा कोणी असता तर त्यानं बी असंच म्हटलं असतं का?"

मग ड्रेसिंग ओलं व्हायला लागलं. ताप आला, गेला, पुन्हा आला. इंजेक्शन बदललं, पुन्हा बदललं. जखमेतला पू तपासायला पाठवला. तीन-चार दिवसांनी एक तरुण डॉक्टर आला, ज्याला मिसरूड फुटायच्या आधी डिग्री फुटली होती, आणि खाटेशी उभा राहून शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या जखमेत जे जंतू निघाले, त्यांच्यावर आमची नेहमीची कुठलीच औषधं चालत नाहीत."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. गुलाबराव, खरं सांगतो, मी तो हसायची वाट पाहत होतो. आपल्या धंद्यातलाच वाटला मला तो. एवढी मोठी थाप मारली की माणूस शेवटी ओठ दाबतो, आणि तिथंच पकडला जातो. त्याचे ओठ हलले नाहीत.

"म्हंजे काय जी?" तुम्ही विचारलंत.

मग त्यानं समजावलं. डोळ्यांना न दिसणारा जीव. दवाखान्यात इतकी औषधं चालतात की जे त्या औषधांतून वाचतात तेच उरतात आणि वाढतात. लोक गावात उठसूट मोठी इंजेक्शनं घेतात, दोन गोळ्यांनी बरं वाटलं की बाकीच्या टाकून देतात, डॉक्टरही घाईघाईत मोठं औषध लिहितात, सगळ्यांचाच हातभार. आणि एक जंतू औषधाला चुकवायची युक्ती शिकला की तो ती शेजारच्या जंतूला देतो. वेगळ्या जातीचा असला तरी देतो.

तुम्ही उशीला टेकलात. "डॉक्टरसाहेब," तुम्ही म्हणालात, "मी लय थापाडे पाह्यले. हा माया साडू समोरच बसला. पण तुमी तं याचे बी बाप निघाले."

मी हसलो. मास्तर हसले. डॉक्टर नाही हसला. त्यानं हात धुतले, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की माणूस हात किती वेळ धुऊ शकतो. आपण उभा जन्म खोट्याला खऱ्याचा मुलामा दिला, आणि इथं एक खरी गोष्ट अशी आली होती की तिला आपल्या थापांमध्येसुद्धा कोणी खपवून घेतलं नसतं. त्या घडीला माझ्या मानेवर जो गार हात पडला तो अजून उचललेला नाही.

तुम्हाला वेगळ्या खोलीत नेलं. एका वेळी एकच माणूस, अंगावर झगा, आत जाताना हात धुवा, बाहेर येताना हात धुवा. तुम्हाला तापापेक्षा हे जास्त लागलं. ज्या माणसाला चार लोकांशिवाय घास उतरत नाही त्याला चार भिंती दिल्या.

"मले वाळीत टाकलं का जी?"

"अहो, वाळीत कायले? जखम भरेपर्यंत फक्त," मी म्हणालो.

"मंग दार काऊन लावते?"

अल्लीपूरलाही तीच बातमी गेली, की गुलाबरावाला कोंडून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी दोन ट्रॅक्स आल्या. पुढं तुमचे मावसभाऊ, आवाज असा की दवाखान्याच्या आवारातली कबुतरं उडून थेट केळझरच्या देवळावर जाऊन बसली. "आमच्या मानसाले एकटं ठेवता? आमी मेलो का?" आणि सगळे शिरले आत. झगा एकच होता, तो कोणी घातलाच नाही. एकेकानं तुमचा हात हातात घेतला, मुद्दाम घेतला, जास्तच वेळ घेतला, तुम्हाला दिसावं म्हणून की आम्ही तुमचा विटाळ मानत नाही. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो आणि मला वाटत होतं, माणसानं कमवावं तर हे.

मग ते बाहेर आले. आणि बाहेर आल्यावर आपल्या रीतीप्रमाणे वॉर्डातल्या सगळ्या खाटांची विचारपूस करायला निघाले.

सिस्टर मधे आडवी झाली. आता ती ओरडत नव्हती, विनवत होती. "हात धुवा. पाया पडते, हात तरी धुवा."

तुमच्या आत्याबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती बिचारी बाजूला झाली. "काऊन वं बाई? आमी का घान हाओत?"

आणि त्या पुढच्या खाटेवरच्या पेशंटच्या कपाळावर हात ठेवायला वाकल्या.

ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. वाईट कोणी नव्हतं त्यात. वाईट कोणी असतं तर मला इतकं भ्यायला झालं नसतं. वाईट माणसाला मी ओळखतो, मी दुकानदार आहे. इथं तर सगळी माया होती. दिसत होते ते हात, आणि हातांवर काय होतं ते देवालाही दिसत नव्हतं. मी डॉक्टरला विचारलं की कुठून आलं हे? पत्त्यांमधून? म्हाताऱ्याच्या पिशवीतून? तो म्हणाला, "सांगता येत नाही. आमच्या हातांवरूनही आलं असेल. आम्हीही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो." त्यानं हे बोलायला नको होतं, गुलाबराव. त्यानं आत्याबाईंवर ढकललं असतं तर मी भांडलो असतो आणि भांडून मोकळा झालो असतो.

तुमच्याशी भांडण मात्र राहिलं ते राहिलंच. झगा घालून, खोलीच्या दारात उभा राहून मी तुम्हाला सांगितलं, "शांताले मी इथं नाई आणत."

तुम्ही उठून बसायला बघितलंत. "काऊन? मायावर राग का दवाखान्यावर?"

"तुमची हालत पाहून राह्यलो न मी. तिचं पोट कापतीन. जखम होईन. त्या जखमेत हे शिरलं तं?"

"मंग कोठी नेसान?"

"नागपूरले."

"तिथं काय देव ऑपरेशन करते?"

"मंग नाईच करत."

"आन् पिशवी फुटली पोटात तं?"

मी झग्याच्या नाड्या सोडायला लागलो. तुम्ही जिंकलात हे माहीत होतं, पण मी तेव्हा कबूल केलं नाही, आणि म्हणून तो वाद तसाच दारात लटकत राहिला. आता कोणाशी संपवू?

शेवटचं औषध सुरू केलं होतं. डॉक्टर म्हणाला, जुनं आहे, किडनीवर जातं, पण आता हेच उरलंय. तुमचं तोंड सुजलं, लघवी कमी झाली. मी आत आलो की तुम्ही डोळे उघडून काहीतरी मोठं फेकायचात. पाय बरा झाला की याच सळईवर शामियाना बांधतो वगैरे. एका सकाळी मी विचारलं, "कसं वाटते?" तुम्ही म्हणालात, "मले काई नाई वाटत. चांगला आहो."

एवढीच. ना बिबट्या, ना बल्ली. आयुष्यात इतकी लहान थाप तुम्ही कधी मारली नव्हती, आणि मला तिच्यावर चढवायला काही सुचलं नाही. मी झग्याच्या बाहीनं डोळे पुसले, तर सिस्टर म्हणाली, तोंडाला हात लावू नका. दोनच दिवसांत विष रक्तात पसरलं, दुपारचं ऊन खिडकीतून खाली उतरायच्या आत तुम्ही गेलात.

कोपऱ्यातला तो म्हातारा बरा होऊन आधीच घरी गेला होता. जाताना त्यानं तुमच्या बंद दाराला हात जोडले. हे खरं आहे. यात मी काही घातलेलं नाही.

आणि आता तुम्हाला सांगायला लाज वाटते ते. जे लोक ट्रॅक्स भरून तुम्हाला शिवायला आले होते तेच तुम्ही गेल्यावर घाबरले. गावात पसरलं की गुलाबरावाचा रोग गादीत राहतो. मी घसा फोडून सांगितलं, डॉक्टर म्हणाला धडधाकट माणसाला तो काही करत नाही, तो जखम शोधतो, आजारी माणूस शोधतो. मी सांगितलेलं कोण खरं मानणार? माझी ख्याती तुम्हीच तर पसरवली होती. तुमच्या तेरवीला तुमच्याच केंद्राच्या गाद्या अंथरल्या होत्या. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला गाद्यांवर बसवलं, त्याच्या तेरवीला लोक उभ्यानं जेवले. कमलबाई एकट्या एका गादीवर बसल्या. मग शांता जाऊन त्यांच्याजवळ बसली, पोट धरून. मीही बसलो. बसलो, पण गादीला तळहात टेकवला नाही. तुमच्यापासून काय लपवायचं?

तर माझी ही अशी हालत आहे. दाराची कडी मी कोपरानं काढतो. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली, मग त्या सालांची भीती, की ही जखम झाली का? शांता भाजी चिरते तर मी विळीसमोर उभा. "बोट सांभाळ." ती म्हणते, "दुकानात जा." मी नागपूरला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मी दबक्या आवाजात विचारलं, "तुमच्या इथं नाही ना तो?" तो चष्मा काढून म्हणाला, "कोणत्या दवाखान्यात नाही ते तुम्हीच सांगा, मीही माझ्या आईला तिथं नेईन."

परतीच्या, वर्ध्यावरून जाणाऱ्या बसमध्ये मी एक बेत आखला. तुम्हाला आवडला असता. केळझरच्या बाहेर उघड्या माळावर तुमचाच शामियाना बांधायचा, कनाती उकळत्या पाण्यातून काढायच्या, माझ्या दुकानातली नवी कोरी परात, जिला अजून माणसाचा हात लागलेला नाही, तिच्यात अवजारं उकळायची, सर्जनला विहिरीत तीनदा बुडवून काढायचं, आणि तिथं शांताचं ऑपरेशन करायचं. सेलूचा थांबा येईपर्यंत हे सगळं मला अगदी होण्यासारखं वाटत होतं. मग शेजारचा माणूस शिंकला आणि शामियाना पडला.

काल पुन्हा आपल्या त्या तरुण डॉक्टरकडे गेलो. म्हणालो, गॅरंटी द्या. तो म्हणाला, गॅरंटी नाही देत. छोटं ऑपरेशन आहे, लवकर घरी सोडू, आम्ही आमचे हात सांभाळतो, तुम्ही तुमचे सांभाळा. भेटायला कोणी आणू नका. आणि थांबून म्हणाला, "किती दिवस लांबवाल? पिशवीला सूज आहे. फुटली तर मग मोठी जखम, मोठा मुक्काम." म्हणजे तुमचंच वाक्य, गुलाबराव, पण शुद्ध मराठीत.

तुमच्याकडून मी काय शिकलो ते मला ठरवता येत नाही. म्हाताऱ्याची उशी सरळ करणारा हात चांगला होता की घातक, की दोन्ही? मी शांताजवळ बसून तिच्या कपाळावर हात ठेवू की नको? तुमच्यासारखा माणूस साडू म्हणून मिळाला हे भाग्यच होतं, आणि तुमच्यासारखं वागायची आता हिंमत होत नाही. हे दोन्ही एकाच छातीत घेऊन बसलोय.

आज सकाळी घरात मीच ओरडत होतो. नागपूरचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, शामियान्याचं सांगितलं, तुमची सळई, तुमचं सुजलेलं तोंड, सगळं सांगितलं. म्हणालो, इथं ठेवलं तरी जीव धोक्यात, तिथं नेलं तरी धोक्यात, जगात एक खाट अशी नाही जिच्यावर तुला निजवू, तूच सांग मी काय करू, मी भ्यालो आहे शांते, मी! घसा बसेपर्यंत ओरडलो. शांता खाटेच्या काठावर बरगडीखाली मूठ दाबून बसली होती. लुगडी पिशवीत भरून झाली होती. माझं संपेपर्यंत ती थांबली.

"पोट दुखून राह्यलं," ती म्हणाली. "चाला."